पिवळ्या त्रिकोणाचा भरवसा किती?

महोदय,

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की कृषी केंद्रात हमखास ऐकू येते, 'लाल नाही, पिवळा त्रिकोण आहे, बिनधास्त मारा.' कीटकनाशकाच्या डब्यावरचा हा त्रिकोण विष किती जहाल ते सांगतो, आणि त्याचा रंग उंदरांवरून ठरतो. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे उंदीर दगावतात, ती किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा.

पण कोणता उंदीर? पॅराथिऑन या कीटकनाशकाची (आपल्याकडे त्यावर बंदी आहे) ही मात्रा नरासाठी सुमारे १३ मिलिग्रॅम निघाली, मादीसाठी जेमतेम साडेतीन. नराचे वृषण काढले की त्याची सहनशक्ती घटते, मादीला टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक (हार्मोन) टोचले की तिची वाढते. विष फोडणारी यकृतातली विकरे (एन्झाइम) उंदरात अशा संप्रेरकांच्या तालावर चालतात. पिल्लांत नर-मादी फरक जवळपास नसतो, दोघेही नाजूक. आणि मिथाइल पॅराथिऑनमध्ये सगळे उलटे: नर १४, मादी २४! तेव्हा एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

यावरून 'बायांना विष जास्त बाधते' असे मात्र कोणी म्हणू नये. माणसाच्या यकृतात हा फरक उंदराइतका ठळक नाही. बायांचा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, ड्रमपाशी. पाणी भरणे, औषध कालवणे बहुधा त्यांच्याकडे. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक धरले, तर हातावर सांडलेल्या १ मिली निव्वळ औषधात अर्धा लिटर फवाऱ्याइतके विष असते. काडीने किंवा हाताने ढवळणे म्हणूनच महागात पडते. नायट्राइलचे हातमोजे फवारणाऱ्याआधी कालवणारीला द्या.

संप्रेरकांचा माणसातला खरा घोळ रक्ततपासणीत होतो. ऑर्गनोफॉस्फेटची (पॅराथिऑन, प्रोफेनोफॉस याच गटातली) बाधा रक्तातल्या कोलिनएस्टरेज या विकरावरून ओळखतात; विषाने ते उतरते. गरोदरपणात रक्तद्रवातले हे विकर विषाविनाही बरेच उतरते, गर्भनिरोधक गोळ्यांनीही कमी होते. म्हणजे एकट्या आकड्यावरून नेमके कळत नाही, तो त्याच व्यक्तीच्या आधीच्या आकड्याशी ताडावा लागतो. लाल रक्तपेशींतले विकर तपासले तर अधिक भरवशाचे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे दगावली. निदान आता तरी आरोग्य विभागाने जूनमध्ये, फवारणीआधीच, मजुरांचा मूळ आकडा नोंदवून ठेवावा. त्या यादीत औषध कालवणाऱ्या बायाही असाव्यात.

— विषशास्त्राचा एक अभ्यासक, जि. यवतमाळ