व्रोत्स्वाफच्या बाजारातील मासेवाल्या मावशींना आभाराचे पत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मी माझ्या मराठीत लिहीत आहे, कारण पोलिश भाषेत माझा बाजारहाट निभावतो, पण मनातले सगळे मांडता येत नाही. माझे यजमान ते तुम्हाला पोलिशमध्ये वाचून दाखवतील. 23 डिसेंबरला सकाळी, रांग पार दरवाजापर्यंत गेलेली असताना, एक जुनी वही छातीशी धरून तुमच्यासमोर उभी राहिलेली बाई मीच.

ती वही माझ्या सासूबाईंची. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. विगिल्याच्या, म्हणजे नाताळानिमित्त 24 डिसेंबरच्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर सुरू होणाऱ्या बारा पदार्थांच्या बिनमांसाच्या जेवणात कार्प मासा तळण्याचे काम त्यांचेच असे, आणि त्या वेळी त्या स्वयंपाकघरात कोणाला फिरकू देत नसत. त्यामुळे वहीत कांदा, मीठ, मैदा, लोणी एवढी नावे आहेत, कृती नाही. सासऱ्यांनी नोव्हेंबरातच सांगून टाकले होते की यंदा कार्प करू नका. ते ज्या आवाजात बोलले, तो ऐकल्यावर कार्प झालाच पाहिजे असे मी ठरवले.

अडचण काट्यांची होती. मी भंडारा जिल्ह्यातली, तलावांच्या मुलखातली. रोहू आणि कटला खातच वाढले. हे मासे कार्पच्याच कुळातले असल्याने मांसात दडलेले ते दुफाटी बारीक काटे मला नवे नाहीत. पण आम्ही बोटांनी चाचपून काटा बाजूला काढतो. सासरे काट्याचमच्याने जेवतात आणि त्यांना आता दिसतेही कमी. सासूबाईंच्या हातच्या माशात त्यांना काटा कधी लागत नसे, आणि हे त्या कशा साधत, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मी विचारत सुटले. पारंपरिक पोलिश स्वयंपाक शिकवण्यासाठी चांगली घसघशीत फी घेणाऱ्या एका वर्गात मला सांगण्यात आले की कार्पच्या भानगडीत पडू नका, सॅमन घ्या. एका मोठ्या दुकानात मासळीच्या काउंटरवरच्या मुलाने मासा पिशवीत कोंबला आणि इंटरनेटवर बघा म्हणाला. नात्यातल्या एका बाईंनी तर, एवढे काटे तुम्हा लोकांना झेपायचे नाहीत, असे तोंडावर ऐकवले. यांपैकी कोणालाही दोन मिनिटे थांबून, अडचण नेमकी काय आहे, एवढे विचारावेसे वाटले नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र पहिला प्रश्न विचारलात तो खाणार कोण, हा. मी सांगितले. तुम्ही मिलिचच्या तळ्यातला एक कार्प निवडलात, त्याच्या दोन बाजू काढून एक फळीवर कातडी खाली करून ठेवलीत आणि सुरी आडवी चालवू लागलात. दोन चिरांमध्ये जेमतेम तीन-चार मिलिमीटरांचे अंतर, आणि सुरी कातडीपर्यंत जायची, पण कातडी कापायची नाही. प्रत्येक चिरेला आतले काटे तुटल्याचा करकर असा आवाज येत होता. तुकडे झालेले ते काटे तळताना इतके मऊ होतात की जिभेला कळतही नाहीत, हे तुम्ही खुणेनेच समजावलेत.

अर्ध्यावर आल्यावर तुम्ही थांबलात, सुरी उलटी करून तिची मूठ माझ्याकडे केलीत आणि फळी माझ्या बाजूला सरकवलीत. मावशी, हे पत्र त्या क्षणासाठी आहे. सणाचा आदला दिवस, मागे कुरकुरणारी माणसे, आणि तुम्ही उरलेला मासा स्वतः झटपट चिरून देऊन मला मार्गी लावू शकला असतात. कोणी तुम्हाला नावे ठेवली नसती. त्याऐवजी तुम्ही मान वर न करता रांगेला थांबायला सांगितलेत आणि माझा हात चालू लागेपर्यंत शेजारी उभ्या राहिलात. माझ्या चिरा तुमच्यासारख्या सरळ आल्या नाहीत, तरी तुम्ही त्या पुन्हा चिरल्या नाहीत. दुसरी बाजू तशीच अखंड कागदात बांधून दिलीत, घरी मी करावी म्हणून. आपल्या कामात मुरलेल्या माणसाने अनोळखी माणसावर असा विश्वास टाकणे हे मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले आहे, आणि जिथे पाहिले तिथे ती माणसे बहुधा हातांनी कष्ट करणारीच होती. आमच्याकडे दारावर टोपली घेऊन येणाऱ्या ढिवरांच्या बायका अशाच. मासा घेतला नाही तरी तो कसा साफ करायचा हे त्या पायरीवर बसून दाखवत.

रात्रभर तुकडे मीठ लावून कांद्याच्या चकत्यांखाली ठेवले, दुसऱ्या दिवशी मैद्यात घोळवून लोण्यावर खरपूस तळले. सासऱ्यांनी पहिला घास सवयीने सावधपणे, जिभेने चाचपत खाल्ला. मग काही न बोलता दुसरा तुकडा वाढून घेतला, आणि बिटाचे सूप पुढे आले तेव्हा सासूबाईंविषयी बोलू लागले. त्या गेल्यापासून त्यांनी त्यांचे नाव घेतले नव्हते. त्या रात्री ते खूप बोलले, लग्नाच्या वर्षापासूनचे सगळे.

सासूबाईंच्या वहीत त्या पानावर मी आता चिरांची रीत लिहून ठेवली आहे. पुढच्या डिसेंबरात आमच्यासाठी दीड-दोन किलोंचा एक कार्प राखून ठेवावा, ही विनंती. सासरे स्वतः माझ्यासोबत येणार म्हणतात. त्यांना तुम्हाला भेटायचे आहे.

आपली कृतज्ञ,
भंडाऱ्याची एक सून