वाटी सरकते, हे तू खरंच सांगत होतीस

राजेंद्रनगर, इंदूर

चि. पिल्लास,
अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळी ऑपरेशन. गुडघ्याखाली उशी घेऊन तू झोपली आहेस. समोर बसून बोलायला गेले की माझा गळा दाटतो, म्हणून लिहिते.

चिमणबागेच्या मैदानावर खो-खो खेळताना खांबाला वळसा घालताना तुझ्या गुडघ्याची वाटी पहिल्यांदा निखळली. एमआरआयमध्ये हाडाचा टवका उडालेला दिसला नाही, म्हणून ब्रेस आणि व्यायाम. ते योग्यच झालं. मी चुकले ती नंतर. जिना उतरताना तू "आई, वाटी सरकतेय" म्हणायचीस आणि मी म्हणायचे, मनातली भीती आहे ती, काढून टाक.

परवा डॉक्टरांनी पाय सैल सोडायला लावून अंगठ्याने वाटी बाहेरच्या बाजूला जराशी ढकलली आणि तू झटकन त्यांचा हात धरलास. त्यांनी नेमकं तेच केसपेपरवर लिहिलं. वाटी अस्थिर असल्याची ती खूणच असते गं. मी वर्षभर तिला भित्रेपणा म्हणत आले. चुकलं माझं, बाळा.

तू म्हणालीस, "हाडही एकदाच सरळ करून टाका." वाटी जागेवर राहावी म्हणून मोठ्या माणसांत कधीकधी नडगीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून सरकवतात. पण तू १२ वर्षांची, तिथली वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड वाढतं ती पट्टी, अजून उघडी आहे. आत्ता कापलं तर पुढची वाढ खुंटून गुडघा मागे झुकू शकतो. म्हणून उद्या फक्त वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा फाटलेला लिगामेंट नव्याने बांधतील, तुझ्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन. ती मांडीच्या हाडात जिथे बसवायची, तिथून वाढीची पट्टी अगदी लागून आहे, आणि मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ तिथूनच होते. म्हणून डॉक्टर क्षणोक्षणी एक्स-रे बघत, पट्टी वाचवून, तिच्या खालून भोक पाडणार आहेत. हे त्यांनी चित्र काढून दाखवलं, तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला.

खो-खो निदान सहा महिने नाही. रडू येईल, येऊ दे.

उद्या उपाशीपोटी निघायचंय. पोहे परत आल्यावर करीन, जिरावण जास्त घालून. शुद्धीवर आल्यावर दुखतंय म्हणालीस, तर मी "किती?" एवढंच विचारीन.

तुझी,
आई