नर्सरीतल्या मावशींना, वाळलेल्या मातीबद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

नारायणगावजवळच्या नर्सरीत मी टोमॅटोची रोपं घ्यायला आले होते. तुम्ही ९८ खणांचे ट्रे भरत होतात आणि हात न थांबवता माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होतात. तेव्हा घाईत नुसतं 'थँक्यू' म्हणून निघाले. आता नीट आभार मानायचे आहेत, तेही चारचौघांत. गच्चीवर वाळक्या मातीच्या गोणी साठवून बसलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, त्यांच्याही हे कानावर जावं.

माझ्या कुंड्यांतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत आणि लाल माती यांचं मिश्रण एप्रिलच्या उन्हात असं कडक होतं की वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं उतरून सरळ खालच्या भोकातून बाहेर पडतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. 'टाकून द्या, नवीन आणा' असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. शहरात माती टाकायची कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. तुम्ही मूठभर माती हातात घेतलीत, वास घेतलात आणि म्हणालात, "टाकू नका ताई. वाळलीय, नासली न्हाई."

वाळलेली माती साठवायला उलट सोपी, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. अर्धवट ओली माती पिशवीत कोंडली की आंबूस वास येतो, बुरशी धरते, चिलटं होतात. म्हणून आता कुंडी रिकामी झाली की माती ताडपत्रीवर पसरते, मुळं वेचते, खडखडीत वाळवते आणि गव्हाच्या चाळणीनं चाळते. (घरातली चाळण गेली ती गेलीच, सासूबाईंनी नवी आणली.) चाळणीत उरलेली जाड माती मोठ्या कुंड्यांच्या तळाला जाते. बारीक माती गोणीत भरून, तोंड बांधून, विटांवर ठेवते. खालून ओल लागत नाही.

भिजवण्याची तुमची पद्धत तर मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. घमेल्यात माती घ्यायची, कोमट पाणी थोडं थोडं शिंपडत हातानं कालवायची आणि ओलं बारदान टाकून रात्रभर ठेवायची. पार सुकलेलं कोकोपीट पाणी लवकर आत घेत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. सकाळी मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे, बोटानं टोचला की फुटला पाहिजे. पाणी गळलं तर जास्त झालं.

पण मला सगळ्यात आवडलं ते तुमचं राबाचं उदाहरण. जुन्या मातीत बी टाकलं की रोपं उगवतात आणि बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात, हे मी सांगितलं. 'मर' म्हणालात तुम्ही. मातीतल्या बुरशीचा उद्योग. मग तुम्ही तुमच्या डोंगराकडच्या गावातली भातशेती सांगितलीत. पावसाआधी शेणी, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजायचा, म्हणजे तणाचं बी आणि कीड मरते आणि त्याच जागी भाताचं रोप टाकायचं. "तुमच्या गच्चीत जाळ कुठं करणार? ऊन वापरा." त्यामुळे या उन्हाळ्यात चाळलेली माती ओलसर करून पातळ थरात पसरली आणि वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबल्या. माती ओली हवी, कारण ओलीत उष्णता खोलवर जाते. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळं नको. एप्रिल-मे मध्ये ४ ते ६ आठवडे तशीच ठेवायची. काही जण हीच माती कुकरमध्ये वाफवतात. माझ्या वरणाच्या कुकरमध्ये ते होणे नाही.

एका बाबतीत तुम्ही कडक होतात, आणि ते बरं झालं. जुनं झाड उपटताना मुळांवर गाठी दिसल्या तर ती माती रोपांसाठी घ्यायचीच नाही, कारण ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे. तिथे झेंडू लावायचा. टोमॅटो मर लागून गेला असेल, तर त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी टाकायचं नाही, कारण ही सगळी एकाच कुळातली.

आमच्या बोअरच्या पाण्यानं कुंडीवर पांढरा थर येतो. तो खरवडून, माती दोनदा भरपूर पाण्यानं धुऊन घेतली. मग तुम्ही सांगितलंत तसं महागडं बी टाकण्याआधी एका वाटीत चिमूटभर मेथी टाकून पाहिली. दोन-तीन दिवसांत वर आली आणि टिकली. म्हणजे माती ठीक आहे, म्हणून मग मृगाच्या सुमारास त्या मातीत वांग्याचं बी पेरलं. बियाण्याला सुरुवातीला खत फारसं लागत नाही, म्हणून गांडूळखत मूठभरच मिसळलं. रोपं आता चार पानांवर आहेत, फोटो तुमच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवलेत.

आता एक विचारायचं आहे. ट्रेवर हिरवं शेवाळ धरू लागलंय. वरचा थर खरवडून कोरडी चाळलेली माती भुरभुरवू, की पाणीच कमी करू? तुमच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला तर चालेल ना?

तुमची,
टोमॅटोची रोपं नेणारी पुण्याची ताई