कोळीबुवा सुखरूप पोचले, ताई!

प्रिय ताई,

मातीच्या या मासेमार बाहुलीचे आभार म्हणजे व्हॉट्सॲपवर दोन हात जोडून भागवायची गोष्ट नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय. ग्वांगझूला बदलीवर आलेल्या, चिनीचा गंध नसलेल्या मला तुम्ही आपला रविवार मोडून फोशानला नेलंत. तिथल्या शिवानची नानफंग ही मातीकाम भाजायची भट्टी दाखवलीत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, उतारावर लांबलचक पसरलेली आणि अजून पेटती! मी भट्टीकडे बघत राहिले, तुम्ही मात्र जुन्या बाहुल्यांच्या दुकानात कधीच शिरला होतात.

तिथे तो वीतभर कोळी उचलून तुम्ही आधी उलटा केलात. बुडावर इंग्रजीत 'चायना' असा ठसा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, पण असे ठसे पुढेही उठतच राहिले. तेव्हा नुसत्या ठशावरून शंभरी सांगणाऱ्या दुकानदाराला हसून नमस्कार करायचा, हे तुमच्याकडूनच शिकले. मग चेहरा. अंगरख्यावर हिरवी झिलई, घड्यांत साचून गडद झालेली. तोंड आणि हात मात्र कोऱ्या भाजक्या मातीचे. "झिलई दिली तर सुरकुत्या बुजतील ना गं," तुम्ही म्हणालात. खरंच, डोळ्यांच्या कडेची एकेक रेघ दिसत होती, आणि खालचा ओठ असा पुढे, की मासा गळाला लागून सुटलाय जणू.

घासाघीस तुम्हीच केलीत. मी असते तर पहिल्याच भावाला पैसे मोजले असते.

वूशी शहरातल्या हुइशानचा तो 'आ फू', म्हणजे गुबगुबीत बाळाची बाहुली, दिलात तेव्हाची ताकीदही लक्षात आहे: ही माती भाजलेली नसते, वाळवून वर नुसता रंग. ओलं फडकं लावलंस तर हातात चिखल येईल! मऊ ब्रशनेच धूळ झटकते.

पण खरे आभार बांधाबांधीचे. परत निघताना तुम्ही सुती साडी टराटरा फाडलीत (चांगली होती हो ती!) आणि बाहुल्यांची आधी बोटं गुंडाळलीत, मग बाकीचं अंग. मोडतात ती बोटंच आधी. पुण्यात खोकं उघडलं तर कोळीबुवांची दहाच्या दहा शाबूत.

साडीचे तुकडे धुऊन ठेवलेत. दिवाळीला याल तेव्हा घेऊन जा, आणि परत येताना त्यातच काहीतरी बांधून आणा.

तुमची,
कोथरूडची शिष्या