दहा नंबरची जागा

लोअर हट, वेलिंग्टन
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

ती. बाबा व सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे. सर्दी पूर्ण गेली असून खोकलाही आता नाही, त्यामुळे आईने त्याची काळजी करू नये. फोनवर तुमच्या आणि माझ्या वेळा जुळत नाहीत आणि बोलणे निम्म्यावर तुटते, म्हणून गेल्या आठवड्यात तुम्ही विचारलेल्या सर्व गोष्टींची उत्तरे लिहूनच द्यावीत असे ठरवले.

पहिली गोष्ट त्या फोटोची. आत्याने तो तुम्हाला दाखवून काय सांगितले ते मला कळले आहे. माझ्या शेजारी हिरवी जर्सी घालून उभे असलेले गृहस्थ आमच्या रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट आहेत, दक्षिण आफ्रिकेतील पार्ल गावचे आहेत, पन्नाशीच्या पुढचे आहेत, आणि तो फोटो त्यांच्या पत्नीनेच काढला आहे. आम्ही वॉर्डातील पाच जण मिळून न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा रग्बीचा सामना पाहायला गेलो होतो. वेलिंग्टनचे स्टेडियम रेल्वे स्टेशनला लागूनच आहे, स्टेशनातून पायी जाण्याचा सरळ मार्ग आहे, आणि सामना सुटल्यावर हजारो माणसांबरोबर चालत येऊन आम्ही गाडी पकडली. आजूबाजूला लोक बिअर पितात हे खरे, परंतु मला कोणी धक्कादेखील दिला नाही. तिकिटाचे पैसे जादा रात्रपाळीचे होते. घरी पाठवायच्या पैशातले नव्हते.

तो दिवस १३ सप्टेंबरचा. त्याच्या आधीच्या शनिवारी, ६ तारखेला, ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडच्या संघाने, म्हणजे ऑल ब्लॅक्सनी, दक्षिण आफ्रिकेला २४-१७ असे हरवले होते. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. सामना सुरू झाला तेव्हा तुमच्याकडे दुपारचा एक वाजत आला होता, तुम्ही विसर्जनासाठी इराणी खणीकडे निघायच्या तयारीत असाल, आणि मी चहाच्या खोलीत टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात आरती म्हणत होते. आर्डी सॅवेया या खेळाडूची ती शंभरावी कसोटी होती (रग्बीत दोन देशांच्या सामन्याला कसोटी म्हणतात). तो वेलिंग्टनमध्ये वाढलेला, सामोअन घरातला मुलगा आहे. आमच्या वॉर्डातील सामोअन बाई त्याच्याविषयी बोलताना गल्लीतल्या मुलाविषयी बोलावे तशा बोलतात, आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना घरून केलेला खाऊ वाटला.

आठवडाभरात सारे उलटले. मध्यांतराला आपण (मी आता येथील संघाला आपण म्हणू लागले आहे, बाबा, रागावू नका) १०-७ असे पुढे होतो. त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत दक्षिण आफ्रिकेने ३६ गुण केले आणि आपला एकही झाला नाही. ४३-१०. ऑल ब्लॅक्स १९०३ पासून कसोटी खेळत आहेत, आणि एवढ्या मोठ्या फरकाने ते कधीही हरले नव्हते. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शेवटची काही मिनिटे ते मैदानाकडे पाहतच नव्हते. आपला काळा झेंडा मांडीवर घेऊन, कडा जुळवून, आई धुतलेल्या साडीच्या घड्या घालते तशा घड्या घालत होते, आणि वाऱ्याने एक कोपरा सुटला की पुन्हा पहिल्यापासून घालत होते. आमचे फिजिओथेरपिस्ट जिंकूनही परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांचे हे वागणे फार आवडले.

बाबा, येथील एक रीत आता नीट समजावून सांगते, कारण ती समजायला मला बरेच महिने लागले आणि ती कळल्याशिवाय या लोकांचे बोलणे कळत नाही. येथे खेळाडूंविषयी बोलताना पुष्कळदा नाव घेतच नाहीत, अंक घेतात. आपल्याकडे दहा नंबर म्हटले की सचिन, आणि त्याच्यामागे ती जर्सी कोणाला द्यायला लोक तयार नाहीत. येथे अंक मैदानावरील जागेला दिलेला असतो, आणि त्या जागी जो उभा राहील तो त्या दिवसापुरता तो अंक पाठीवर घालतो. एक, दोन आणि तीन हे स्क्रमची पहिली रांग; स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात ते. चार आणि पाच हे सर्वांत उंच, ज्यांना लाइनआउटच्या वेळी, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत टाकतात तेव्हा, सोबती हवेत उचलतात. सहा, सात आणि आठ यांचे काम चेंडू जेथे पडेल तेथे सर्वांत आधी पोहोचणे. नऊ चेंडू बाहेर काढून देतो. दहा ठरवतो की आता पळायचे, पास द्यायचा की लाथेने चेंडू लांब पाठवायचा. बारा आणि तेरा मधले, अकरा आणि चौदा कडेचे धावपटू, पंधरा सर्वांत मागे, घराचा दरवाजा राखणारा. सोळा ते तेवीस राखीव. आज सातचा अंक घालणारा पुढच्या आठवड्यात आठ घालू शकतो, आणि त्यात त्याला किंवा लोकांना काहीही वावगे वाटत नाही. माणूस जखमी झाला, म्हातारा झाला, परदेशी गेला, तरी ती जागा तशीच असते आणि गुरुवारी तिच्यापुढे दुसरे नाव लिहिले जाते.

वॉर्डात खाटांनाही अंकच असतात, त्यामुळे कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून चहाच्या खोलीत खेळासाठी एक वेगळा पांढरा फळा ठेवला आहे. सामन्याच्या दोन दिवस आधी संघ जाहीर होतो. तोवर फळ्यावर एक ते तेवीस आकडे आणि त्यांपुढे ज्याला जे पटेल ते नाव, अशी रीत आहे. सकाळपाळीने लिहिलेले दुपारपाळी पुसते. दहाच्या पुढची जागा तर इतक्या वेळा पुसली गेली आहे की तेथे फळा आता पांढरा राहिला नाही, करडा झाला आहे. कोणी ब्यूडन बॅरेट लिहितो, कोणी डेमियन मॅकेन्झी. आणि कोणीतरी रोज रिची मोउंगा लिहिते, जो संघात येऊच शकत नाही. त्याच्याविषयी पुढे लिहिते.

पंचांविषयी तुम्ही विचारले होते. फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात पंचांना लाथ मारली गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता, हे आईने मला सांगितले होते. येथे पंचाच्या अंगावर मायक्रोफोन असतो आणि तो मैदानात जे बोलतो ते घरोघरी ऐकू येते. पंचाशी वाद घालायची खेळाडूंना मुभा नाही. बोलायचे ते कर्णधाराने, आणि त्यानेही बहुधा सर म्हणूनच. परंतु मैदानाबाहेर लोकांच्या मनात राग नसतो असे नाही. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पॅरिसजवळ झाला आणि दक्षिण आफ्रिकेने तो १२-११ असा जिंकला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याच्या टॅकलबद्दल, म्हणजे समोरच्याला अडवून पाडण्याबद्दल, आधी पिवळे कार्ड दाखवले, व्हिडिओ तपासून ते लाल केले, आणि संघ पुढचा सर्व वेळ चौदा जणांनी खेळला. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचे पिवळे मात्र पिवळेच राहिले. न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथचा एक ट्रायही (रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवतात तो) रद्द झाला, कारण त्याच्या बऱ्याच आधी लाइनआउटमध्ये चेंडू हातून पुढे पडला होता, आणि ते या खेळात चालत नाही. इतके मागे जाऊन तपासायचा पंचांना अधिकार होता का, यावर आमच्या वॉर्डात अजून मतभेद आहेत. त्यानंतर शिवीगाळ इतकी झाली की व्हिडिओ पंच टॉम फॉली यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांचे काम सोडले. आता आमच्या या स्पर्धेत, म्हणजे न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना या चार संघांच्या रग्बी चॅम्पियनशिपमध्ये, लाल कार्ड मिळाले तर वीस मिनिटांनंतर त्याच्या जागी दुसरा खेळाडू आणता येतो, आणि हा नियम तेव्हा असता तर, हे वाक्य येथे मी निदान शंभर वेळा ऐकले असेल. पार्लचे गृहस्थ त्यावर फक्त गुणफलक सांगतात.

तुम्ही हा खेळ पाहिलात तर माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल, याची मला खात्री आहे. स्क्रममध्ये आठ जण आठ जणांना भिडतात, एकेका बाजूचे वजन नऊशे किलोच्या आसपास असते, आणि सारा भार पहिल्या रांगेतल्या तिघांच्या मानेवर आणि कमरेवर येतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात तुम्ही मला लहानपणी खांद्यावर बसवून दाखवले होते, की पैलवान हरतो तो आधी पाय कोठे ठेवतो त्यावर हरतो. येथेही तेच आहे. स्क्रम कोसळला की दोष कोणाचा हे पंचाला क्षणात ठरवावे लागते, आणि कोणी मुद्दाम बसला की समोरच्याने खाली ओढले, हे तालमीत माती लागलेल्या माणसालाच दिसते. शनिवारी दुसऱ्या सत्रात आपली पहिली रांग मागे रेटली जात होती. मला ते पंचांच्या शिटीआधी दिसले आणि तुमची फार आठवण झाली.

आता मोउंगा. रिची मोउंगा हा २०२३ च्या विश्वचषकापर्यंत आपला दहा नंबर होता. नंतर तो जपानमध्ये टोकियोच्या क्लबकडून खेळायला गेला. न्यूझीलंडचा नियम असा की जो देशातल्या मंडळाशी करारबद्ध नाही त्याला राष्ट्रीय संघात घेत नाहीत, मग तो कितीही चांगला असो. दक्षिण आफ्रिकेने हे बंधन काढून टाकले आहे. त्यांचे खेळाडू जपान, फ्रान्स, इंग्लंड येथे पैसे मिळवतात आणि बोलावणे आले की देशासाठी खेळतात, आणि लागोपाठ दोन विश्वचषक त्यांनी जिंकले. गेल्या महिन्यात जाहीर झाले की मोउंगा पुढच्या वर्षी परत येत आहे आणि २०२७ च्या विश्वचषकापर्यंत येथेच राहणार आहे.

यावर सोमवारी चहाच्या खोलीत वाद झाला. आमच्या मुख्य परिचारिका माओरी आहेत, मोठ्या मनाच्या आहेत, आणि त्यांचे म्हणणे असे की नियम सैल केला तर सगळे चांगले खेळाडू पैशासाठी निघून जातील, गावोगावचे क्लब ओस पडतील, आणि शाळेतली मुले पाहून शिकतील असे कोणी येथे उरणारच नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला मान्य आहे. तरीही मी बोलले. मी म्हटले की घरासाठी मिळवायला जो बाहेर गेला तो घरचा राहिला नाही असे कसे म्हणता येईल, त्याचे लक्ष घराकडेच असते. माझा आवाज वाजवीपेक्षा चढला असावा, कारण सर्व जण गप्प झाले. सामोअन बाईंनी काही न बोलता माझ्या कपात चहा ओतला. त्या दिवशी मोउंगाचे नाव कोणी पुसले नाही.

पुढचा सामना २७ तारखेला ईडन पार्कवर ऑस्ट्रेलियाशी आहे आणि त्यानंतरचा ४ ऑक्टोबरला पर्थला. चारही संघांनी दोन-दोन जिंकले आणि दोन-दोन हरले आहेत, त्यामुळे कोणाचेही काही होऊ शकते. ईडन पार्कवर ऑल ब्लॅक्स १९९४ पासून हरलेले नाहीत, आणि ऑस्ट्रेलिया तेथे शेवटची जिंकली ती १९८६ साली. परंतु याच ऑस्ट्रेलियाने ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेला हरवले आहे. मला वाटते आपण जिंकू, मात्र पहिल्या रांगेत बदल केला पाहिजे. बाबा, शक्य झाले तर तो सामना पाहा आणि तीन नंबरच्या पायांविषयी तुमचे मत मला कळवा.

आता मुख्य विषय. दादाच्या लग्नासाठी मी तीन आठवड्यांची रजा मागितली होती, सात दिवस मिळाली. जाण्यायेण्यात जवळजवळ तीन दिवस जातात, म्हणजे मी हळदीच्या सकाळी पोहोचेन आणि सत्यनारायणानंतर दुसऱ्या दिवशी निघेन. बांगड्या भरायला, जात्यावरच्या ओव्यांना मी नसेन. आई, करवली म्हणून जे जे माझ्याकडे येते ते तेवढे मावशीच्या मुलीकडून करून घे, आणि तिला माझी पैठणी नेसू दे. आजोबांच्या तिथीलाही यंदा मी नव्हते. त्या दिवशी डब्यातला पहिला घास मी खिडकीबाहेर ठेवला होता. तीन वर्षांसाठी जाते असे सांगून निघाले होते आणि ती मुदत जूनमध्ये संपली, हे माझ्या लक्षात आहे. तुम्ही त्याविषयी काही विचारत नाही, तेही माझ्या लक्षात आहे.

ऑकलंडच्या स्थळाशी मी रविवारी फोनवर बोलले. मुलगा सरळ वाटला, आवाज शांत आहे, घरी रोज फोन करतो. परंतु त्यांचा येथेच कायम राहण्याचा विचार आहे आणि ते त्यांनी पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांगितले. तुम्हाला ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे म्हणून लिहिते. मी अजून होय म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. पितृपक्ष उद्या संपतो, सोमवारी घट बसतील; त्यानंतर तुम्हा दोघांचे जे मत होईल ते मला स्पष्ट लिहा, माझ्याकडे पाहून मऊ करू नका.

आईने अंबाबाईच्या दर्शनाला रांगेत फार वेळ उभे राहू नये, गुडघ्यांना पट्टा बांधावा. दादाला आशीर्वाद नव्हे, नमस्कार सांगा. तो मोठा आहे हे मी विसरलेले नाही.

तुमची लेक

ता. क. गुरुवारी दोन लाख रुपये पाठवले आहेत, ते कार्यालय आणि जेवणासाठी आहेत. त्यातले काढून माझ्यासाठी सोने घेऊ नका. कार्यालयाची शिल्लक रक्कम ऑक्टोबरच्या पगारातून देते. दादाला कर्ज काढू देऊ नका.