हवा तपासायची लाज का वाटावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटीच्या सांगली विभागात टायर सेक्शनला ३१ वर्षे काम करून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. जूनपासून लेकीकडे ओहायो राज्यात आलो आहे आणि तुमचे दैनिक रोज सकाळी संगणकावर वाचतो. अमेरिकेच्या निवडणुकीतल्या टायर प्रकरणाची बातमी तुम्ही गमतीजमतीच्या चौकटीत छापलीत, म्हणून हे पत्र. जन्मभर टायर उतरवले-चढवले त्या माणसाला त्यात गंमत दिसली नाही.

३० जुलैला मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या सभेत राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार ओबामा म्हणाले की, सगळ्यांनी टायरमध्ये बरोबर हवा ठेवली आणि गाडीचे ट्यूनिंग वेळेवर केले, तर समुद्रात नव्या विहिरी खोदून मिळेल तेवढे तेल वाचेल. झाले! समुद्रात विहिरी खोदाच म्हणणारे त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन, त्यांच्या प्रचारवाल्यांनी हवा मोजायची गेज मागवली, त्यांवर ‘ओबामांची ऊर्जा योजना’ असे छापले आणि पत्रकारांना वाटली. २५ डॉलर देणगी देणाऱ्यालाही तेच गेज. ४ ऑगस्टला साउथ डकोटा राज्यातल्या स्टर्जिसच्या मोटारसायकल मेळाव्यात खुद्द मॅकेन यांनी हवेवरून टोमणा मारला. दुसऱ्याच दिवशी तेच म्हणाले की टायरमध्ये हवा ठेवण्याला माझा विरोध नाही, इथली मोटारचालकांची मोठी संघटनाही हेच सांगते. पण तोवर सल्ल्याचे हसे होऊन गेले होते.

ते किती झाले हे मी पंपावर पाहिले. गेल्या शनिवारी जावईबापूंबरोबर गेलो होतो. पेट्रोल इथे जुलैत गॅलनला चार डॉलरच्या वर होते, टाकी भरताना माणसे काट्याकडे बघत उभी असतात. मी जावयांना म्हटले, तुम्ही हवा कधी पाहिलीत? त्यांना आठवेना. दाराच्या चौकटीवरच्या कागदावर ३३ पौंड लिहिले होते. गेज लावले तर २५, २६, २४ आणि २७. मी हवा भरायला खाली बसलो तेवढ्यात शेजारच्या पिकअपमधला माणूस हसून मोठ्याने म्हणाला, ‘ओबामाची योजना राबवताय काय?’ लोक वळून बघू लागले. जावई हळूच म्हणाले, ‘बाबा, चला, घरी बघू.’ घरी कॉम्प्रेसर नाही. दोन चाके तशीच राहिली. ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी, पंपावर कोणी नसताना, भरून घेतली.

चांगला शिकलेला, स्वभावाने सरळ माणूस आपल्याच गाडीची हवा भरायला लाजला, याचे मला फार वाईट वाटले. मला इथे मताचा अधिकार नाही आणि दोघांपैकी कोणी यावे हा माझा विषयही नाही. विषय हवेचा आहे, आणि तो मला माहीत आहे.

हवा कमी झाली की टायर रस्त्यावर बसतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू चेपते आणि सुटते, त्यात तो तापतो. ती उष्णता डिझेलमधूनच येते. दोन्ही कडा झिजलेला टायर सेक्शनला आला की आम्ही न विचारता ओळखत असू, गाडी कमी हवेवर पळाली. जुन्या टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा सांगणारे लोक आमच्यात होते, पण नव्या पद्धतीचा, मऊ बाजूंचा रेडियल टायर पुरी हवा असतानाही खाली बाजूने थोडा फुगून बसल्यासारखा दिसतो, तिथे डोळा आणि कान दोन्ही फसतात. गेजच लागते. इथे गेल्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांना हवा कमी झाल्याचा दिवा कायद्याने सक्तीचा झाला आहे, तरी तो हवा पाव हिश्शाने उतरल्यावर लागतो. लेकीची गाडी जुनी, तिला दिवाच नाही.

आता ओबामांचा हिशेब. इथल्या सरकारी माहितीप्रमाणे योग्य हवेने सुमारे ३ टक्के आणि ट्यूनिंगने सुमारे ४ टक्के इंधन वाचते. सगळ्याच गाड्यांची हवा कमी नसते, तेव्हा ‘तेवढेच तेल’ हे शब्द मला जरा सैल वाटतात. पण दुसऱ्या बाजूचे काय? बंदी असलेला समुद्र खोदायला मोकळा केला तरी २०३० पूर्वी उत्पादनावर किंवा भावावर म्हणण्यासारखा परिणाम होणार नाही, असे सरकारच्याच ऊर्जा माहिती खात्याने गेल्या वर्षी सांगितले. हवा आज दुपारी भरता येते. यावर वाद करायचा तर आकड्यांनी करावा, गेज वाटून नव्हे.

१९६५ मध्ये शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आमचे वडील शेकापचे, काँग्रेसचे नाव काढले की भांडायला उठत. पण सोमवारी रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. आईने एकदा धाकट्यासाठी भाकरी ठेवली, तीही वडिलांनी शेजारच्या म्हातारीला द्यायला लावली. मत ते शेकापलाच देत राहिले.

पुढच्या वर्षी आपल्याकडे निवडणुका आहेत. सिग्नलला इंजिन बंद करा, हवा तपासा, हे आपल्याकडेही दर जानेवारीत इंधन बचतीच्या कार्यक्रमांत सांगतात. आमच्या डेपोत दहा लिटरला जास्त किलोमीटर काढणाऱ्या चालकाचे नाव फळ्यावर लागे आणि त्याला कोणी हसत नसे. तो फळा कुठल्याही पक्षाचा होऊ देऊ नका, एवढे तुमच्यासारखी वर्तमानपत्रे करू शकतात.

आणि एक विनंती. ३ सप्टेंबरला गणपती आहेत, कोकणात जादा गाड्या सुटतील. मागच्या जोडचाकातले आतले चाक बाहेरून दिसत नाही, त्याचीच हवा बघायची राहते. बाहेरच्या चाकाबरोबर तेही गेज लावून बघावे, गाडी निघण्यापूर्वी, टायर गार असताना. चौकट द्यायचीच असेल तर याची द्या.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, सांगली
(सध्या मुक्काम ओहायो, अमेरिका)
१२ ऑगस्ट २००८