टाहो सरोवरावर बोट नेण्यापूर्वी : मित्रास पत्र

कार्सन सिटी, नेवाडा

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळाले. सॅक्रामेंटोच्या डेल्टात, म्हणजे समुद्रसपाटीला, फेब्रुवारीत नीट बसवलेले तुझ्या बोटीचे होली कंपनीचे कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) जुलैत डोंगरातल्या टाहोवर तसेच चालेल का, की जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) बदलावे लागतील, असे तू विचारले आहेस. बदलावे लागतील. मात्र किती बदलायचे हे सरोवराच्या उंचीवरून ठरवू नकोस, कारण इंजिनाला नकाशावरची उंची कळत नाही. त्याला कळते ती फक्त हवेची घनता, आणि ती उंचीइतकीच उन्हावरही ठरते.

टाहोचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे 6,225 फुटांवर आहे आणि तिथला दाब साधारण 805 हेक्टोपास्कल असतो. जुलैच्या दुपारी तापमान 27 अंश सेल्सियसपर्यंत चढले की हवेची घनता प्रमाण वातावरणात (समुद्रसपाटीला 15 अंश धरलेल्या आदर्श हवेत) सुमारे 9,000 फुटांवर असते तितकी उतरते. वैमानिक यालाच घनता-उंची म्हणतात. उलट तू ज्या थंडीत जेट बसवलेस त्या दहा अंशांच्या दिवशी डेल्टातली घनता-उंची शून्याच्याही सुमारे 600 फूट खाली होती. म्हणजे तुझ्या इंजिनाच्या दृष्टीने हा चढ सव्वासहा हजार फुटांचा नसून साडेनऊ हजारांहून अधिक आहे. हेच जेट तू ऑगस्टच्या 35 अंशांच्या दुपारी बसवले असतेस, तर डेल्टाचीच घनता-उंची 2,300 फुटांच्या आसपास गेली असती आणि फरक पावणेसात हजारांवर आला असता. म्हणून जेटच्या आकड्याशेजारी (तो भोकाचा आकार सांगतो) त्या दिवसाचे तापमान आणि दाब लिहून ठेवावेत, हा माझा जुना हट्ट आहे.

दाबाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळग. फोनवरच्या हवामानात टाहोसाठीही 1,015 वगैरे आकडा दिसेल. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, आपल्या कामाचा नसतो. आपल्याला जागेवरचा खरा दाब हवा. साउथ लेक टाहोचा विमानतळ सरोवराच्या जवळजवळ त्याच उंचीवर आहे. त्याच्या हवामानाच्या नोंदीतून घनता-उंची काढता येते.

आता कार्बोरेटरच्या आत काय घडते ते पाहू. व्हेंचुरीतला, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातला, दाबाचा फरक हवेच्या घनतेच्या प्रमाणात कमी होतो, पण जेटमधून जाणारे पेट्रोल त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होते. त्यामुळे हवा जितकी घटते तितके पेट्रोल घटत नाही आणि मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त; उलट ते लीन) होते. तुझ्या फेब्रुवारीच्या तुलनेत टाहोच्या दुपारची घनता सुमारे पाऊण पट असेल, म्हणून पूर्ण थ्रॉटलला (हवेची झडप पूर्ण उघडी असताना) वजनाने हवा 12.8 ला पेट्रोल एक असलेले मिश्रण 11 ला एकच्या जवळ येईल. दर 2,000 फुटांना जेटचा एक आकडा उतरवावा, असा होलीच्या कार्बोरेटरांसाठी ढोबळ नियम सांगतात. त्याने तुझे जवळजवळ पाच आकडे होतात. वर्गमुळाचे गणित मात्र पेट्रोल तेरा-चौदा टक्के कमी करायला सांगते, आणि ते तीन-चार आकड्यांतच भागते. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी कदाचित चारपर्यंत गेलो असतो. बोटीसाठी तीनवर थांबेन आणि पुढचे स्पार्क प्लगांच्या रंगाला विचारेन. गाडी उतारावर, सिग्नलवर श्वास घेते. तुझे 454 घनइंचाचे शेवरोले इंजिन मात्र बोट प्लेनवर आल्यापासून, म्हणजे वेगाने पाण्यावर उचलून धावू लागल्यापासून, सतत ओझे ओढत राहते. रिच चूक प्लग काळे करते, लीन चूक पिस्टनला भोक पाडते.

जेटइतकेच लक्ष पॉवर व्हॉल्व्हकडे (व्हॅक्यूम ठरावीक आकड्याखाली गेला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेकडे) दे, कारण बहुतेक लोक तो विसरतात. टाहोवर बाहेरचा दाबच पाऱ्याच्या सहा इंचांनी कमी असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधला (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूमही जवळपास तितकाच उतरतो. डेल्टात गिअरमध्ये आयडलला (इंजिन नुसते मंद चालताना) 12 इंच दिसत असेल तर तिथे सहा-सात दिसेल, आणि 6.5 चा व्हॉल्व्ह बोट धक्क्याजवळ नुसती सरकत असतानाही उघडू लागेल. सरोवरावर गेज लावून व्हॅक्यूम मोज आणि त्याच्या साधारण निम्म्याचा, म्हणजे बहुधा 3.5 चा व्हॉल्व्ह बसव. आयडलचे मिश्रण स्क्रूही तिथेच जुळव.

इंजिनाची ताकद साधारण घनतेच्याच प्रमाणात उतरते आणि ती कोणत्याही जेटने परत येत नाही. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाचे फेरे कमी पडले तर तो दोष कार्बोरेटरचा समजू नकोस. कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे ढकलणारा) प्रोपेलर लाव. एक इंच पिच कमी केल्याने साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. विरळ हवेत इग्निशनचा (ठिणगी किती आधी पडावी याचा) अ‍ॅडव्हान्स थोडा वाढवता येतो हे खरे, पण तुझ्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्याने तो मोह टाळावा.

आर्द्रतेची चिंता टाहोवर जवळजवळ नसते. आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी हवा असती, तर बाष्पच तीन-चार टक्के जागा अडवून बसले असते. इथे त्याऐवजी सकाळ-दुपारचा फरक मोठा आहे. पहाटे सात अंश असताना घनता-उंची सुमारे 6,700 फूट असते आणि दुपारी नऊ हजार. सकाळच्या दाट हवेत तेच जेट किंचित लीन ठरतात, म्हणून प्लग पाहायचे ते सकाळी पूर्ण थ्रॉटलवर धावून, इंजिन तिथेच बंद करून. आणखी एक गोष्ट : कमी दाबामुळे पेट्रोल लवकर उकळते. गरम इंजिन बंद करून थांबलास तर फ्लोट बाऊलमधले (कार्बोरेटरच्या छोट्या पेट्रोलसाठ्यातले) पेट्रोल उसळून थ्रॉटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या घशात, येते आणि पुन्हा सुरू करताना बराच वेळ नुसता स्टार्टर फिरवावा लागतो.

जेट बदलण्याचे काम घराच्या अंगणात कर, पाण्यावर नको. बाऊल उघडला की पेट्रोल सांडतेच, आणि बोटीच्या बंद इंजिनखोलीत त्याची वाफ तळाशी साचते. ती वाफ बाहेर काढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, निदान चार मिनिटे चालवल्याशिवाय चावी फिरवू नकोस. गाडीचे कार्बोरेटर स्वस्त मिळते म्हणून कोणी सुचवले तर ऐकू नकोस; मरीन कार्बोरेटरच्या वाकवलेल्या व्हेंट नळ्या ओसंडलेले पेट्रोल बाहेर न सांडता थ्रॉटमध्येच सोडतात. फ्लेम अरेस्टरही (कार्बोरेटरच्या तोंडावरची ज्वाला अडवणारी जाळी) स्वच्छ ठेव, कारण तो तुंबला तर तुझे सगळे प्लगवाचन चुकेल. तुझ्या भावाचे जुने कार्बोरेटरवाले टू-स्ट्रोक आउटबोर्ड मात्र घरीच ठेव. टाहोवर तसल्या इंजिनांना 1999 पासून बंदी आहे.

सर्वांत मोठा धोका मला तुझ्या परतीचा वाटतो. वर जाताना जेट बदलायचे राहिले तर इंजिन धुरकट आणि सुस्त चालेल, म्हणजे ते स्वतःच तुला सांगेल. खाली आल्यावर टाहोचे लहान जेट तसेच राहिले, तर थंड सकाळी डेल्टात बोट आधी छान, हलकी, जोरदार वाटेल आणि मग पूर्ण थ्रॉटलवर नॉक करत (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटून ठोके पडत) पिस्टन जाळेल. मोठ्या इंजिनाच्या आवाजात तो नॉक ऐकूही येत नाही. म्हणून काढलेले जेट आणि 6.5 चा व्हॉल्व्ह एका डबीत घालून ती इंजिनाच्या चावीलाच बांधून ठेव.

वर आलास की पहिल्या सकाळचा गिअरमधला व्हॅक्यूम, तापमान आणि आठही प्लगांचे फोटो मला पाठव. चौथा आकडा उतरवायचा की नाही ते त्यावरून ठरवू.

तुझा मित्र